गॅस बारीक कर

आई आमच्याकडे पहिल्यांदा हिवाळ्यात आली ती २०१६च्या डिसेंबरात. साताऱ्याच्या माणसाने डिसेंबरात मिशिगनला येऊ नये, हे मी तिला फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिचं म्हणणं असं की उन्हाळ्यात येऊन बघायचं काय, ऊन आमच्याकडेही असतं. तिला बर्फ बघायचा होता.

बर्फ तिने विमानतळावरच बघून घेतला. त्याच रात्री दोन वाजता तिने मला हलवून उठवलं आणि कुजबुजली, "अरे, खाली कोणीतरी आहे."

खाली कोणी नव्हतं. खाली फर्नेस होती. आधी एक लहान पंखा 'घूंऽ' करत सुरू व्हायचा. मग आत काहीतरी लालबुंद व्हायचं, 'टक्' करून गॅस सुटायचा आणि 'भप्प' असा आवाज करत सगळे बर्नर एकदम पेटायचे. अर्ध्या मिनिटाने मोठा पंखा सुरू झाला की घरभर वारं सुटायचं. पत्र्याचे डक्ट तापायला लागले की भिंतीतून 'टण्, टण्' ऐकू यायचं, जसा कोणी उपाशी माणूस ताटावर चमचा वाजवतोय. नोव्हायच्या या घरात राहून आम्हाला बारा वर्षं झाली होती आणि आमचे कान या तमाशाला कधीच मेले होते. नवीन माणूस घरात आला की आपलं घर किती बोलतं ते कळतं.

(फर्नेस 'ती' की 'तो', यावर इथल्या मराठी मंडळींत एकमत नाही. मी 'ती' म्हणतो. आई 'तो' म्हणते, कारण तिच्या लेखी तो बंब आहे. न्हाणीघरात तांब्याचा असायचा तो आणि हा तळघरातला पत्र्याचा, यांत तिला मोठा फरक दिसला नाही. गरम हवा आणि गरम पाणी सोडलं तर फारसा आहे असं मलाही वाटत नाही.)

दुसऱ्या दिवसापासून आई दिवाणखान्यातल्या व्हेंटपाशी खुर्ची टाकून बसली. अंगात स्वेटर, त्यावर शाल, पायात माझे मोजे, डोक्याला कानटोपी. पन्नास वर्षं चूल, शेगडी, स्टोव्ह आणि गॅस सांभाळलेली बाई एखाद्या आगीकडे दोन दिवस नुसती बघत बसली, तर तिसऱ्या दिवशी तिचं मत तयार असतं. तसं ते झालं.

"हा तुझा बंब आधी अंगावर येतो आणि मग रुसून बसतो," ती म्हणाली. "भाजलं म्हणून शाल काढली की हा बंद. गारठले म्हणून शाल घेतली की हा परत अंगावर. दिवसभर माझं शालीचंच काम चाललंय. गॅस बारीक कर ना त्याचा."

"आई, तो बारीक होत नाही. पेटला की पूर्ण पेटतो, नाहीतर बंद."

"बटण एकच?"

"एकच."

तिने खिडकीबाहेर बघितलं. समोर तीन गाड्यांचं गॅरेज होतं, शेजाऱ्याचं बर्फ ढकलायचं यंत्र होतं. "एवढी श्रीमंत माणसं," ती म्हणाली, "आणि शेगडीला बटण एक."

मी इंजिनियर आहे, त्यामुळे आईचं बोलणं मनावर घ्यायला मला एक आठवडा लागला. मग एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. आमच्या फर्नेसवर लिहिलेलं होतं, तासाला एक लाख बीटीयू. एक बीटीयू म्हणजे एक काडी पूर्ण जळल्यावर मिळते साधारण तेवढी ऊब. म्हणजे तासाला एक लाख काड्या. एका पेटीत पन्नास धरल्या तर दोन हजार काड्यापेट्या. त्यातली वीस टक्के ऊब चिमणीवाटे मिशिगन राज्याला अर्पण व्हायची, उरलेल्या ऐंशी हजार काड्या आमच्या वाट्याला.

आता घराला लागतं किती? घराची ऊब बाहेर झिरपते ती आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात. आत सत्तर फॅरनहाइट, म्हणजे एकवीस सेल्सियस, आणि बाहेर पाच फॅरनहाइटची हाडं गोठवणारी रात्र असेल, तर माझ्या हिशेबाने घराला तासाला पन्नास हजार लागत होते. पण अशा रात्री हिवाळ्यात मोजक्याच. इथला नेहमीचा हिवाळी दिवस पस्तीसच्या आसपासचा, चिखलाचा आणि करड्या आभाळाचा. त्या दिवशी लागतात सत्तावीस हजार. घर मागतंय सत्तावीस आणि फर्नेस वाढतेय ऐंशी. साहजिकच ती तासात वीस मिनिटं धावणार आणि चाळीस मिनिटं बसणार. थर्मोस्टॅट जिथे लावलाय त्या बोळात सत्तर झाले की त्याचं समाधान. वरच्या बेडरूममध्ये तोवर पापड भाजता येतात आणि गॅरेजवरच्या खोलीत चिरंजीव टोपी घालून अभ्यास करतात, हे त्याला कोण सांगणार? मग चाळीस मिनिटांच्या विश्रांतीत गरम हवा छताला जाऊन बसते, गार हवा जमिनीवर उतरते आणि खिडकीची काच आपल्या पाठीतून ऊब ओढून घेते.

म्हणजे बोळातला आकडा बरोबर होता आणि आईची शालही बरोबर होती.

'गॅस बारीक कर' ही मराठी घरात स्वयंपाकघराच्या बाहेरून आत दिली जाणारी सगळ्यात जुनी आज्ञा असावी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की, दूध वर यायला लागलं की, आमटीला उकळी फुटली की. सांगणारी बाई न्हाणीघरात असते, हात पिठात असतात किंवा फोन कानाला असतो, पण लक्ष आचेवर. बारीक करायचा म्हणजे बंद करायचा नव्हे, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते बटण फिरवायला जायचे आणि बंद करून यायचे. मग भात कच्चा. आईच्या भाषेत त्याला 'तुमच्या वडिलांचा भात' असं नाव होतं. आज मला कळतं की तो सिंगल स्टेजचा भात होता.

आचेच्या इतक्या पायऱ्या जाणणाऱ्या आम्हा लोकांना खोलीच्या बाबतीतही पायऱ्या नवीन नाहीत. छताचा पंखा बघा. रेग्युलेटरवर आकडे पाच. एकवर पंखा फिरतोय की विचार करतोय ते कळत नाही. पाचवर कॅलेंडर उडतं. सगळा संसार दोन आणि तीनच्या मधे चालतो आणि रात्री कोणीतरी उठून गुपचूप तीनचा दोन करतं. सुखाचं हे सूक्ष्म मोजमाप साताऱ्याच्या प्रत्येक घरात आहे. सातासमुद्रापार येऊन मी मात्र बारा वर्षं एका यंत्राचं 'शून्य किंवा पाच' मुकाट्याने सोसलं.

या विषयात डेन्मार्कच्या ओले फँगर या प्राध्यापकाने आयुष्य घातलं. माणसाला बरं कधी वाटतं, याचं समीकरणच त्याने मांडलं. 'थर्मल कम्फर्ट' हे त्याचं पुस्तक १९७०चं. त्याच्या मते बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं. हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-काचांचं तापमान, वाऱ्याचा वेग, हवेतला ओलावा, अंगावरचे कपडे आणि माणूस काय करतोय ते. सहांपैकी आमचा थर्मोस्टॅट एकच मोजतो, तोही बोळातला. कपड्यांसाठी 'क्लो' नावाचं माप आहे. एक क्लो म्हणजे साधारण सुटाबुटातला माणूस. आईचा स्वेटर, शाल, मोजे, कानटोपी हा ऐवज मी अंदाजे मोजायला लागलो तेव्हा बायकोने मला हाताला धरून तिथून उठवलं.

फँगरचं मला सगळ्यात पटलेलं वाक्य आकड्यातलं आहे. त्याच्या गणितात सगळं अगदी आदर्श जमून आलं तरीसुद्धा पाच टक्के माणसं नाराज असतातच. पाचाच्या खाली तो आलेख जातच नाही. आम्ही तेव्हा घरात चौघं. चौघांचे पाच टक्के म्हणजे एका माणसाचा पाचवा हिस्सा. आमच्या घरात नाराजी कधी इतक्या स्वस्तात सुटल्याचं मला आठवत नाही.

फेब्रुवारीत जुनी फर्नेस गेली. तपासायला आलेल्या माणसाने आत आरसा घालून बघितलं, हीट एक्स्चेंजरला तडा गेल्याचं दाखवलं, कार्बन मोनॉक्साइडचं नाव काढलं, गॅसचा कॉक फिरवला आणि लाल चिठ्ठी लावून निघून गेला. त्या रात्री घरात अकरा सेल्सियस होतं. आम्ही तिघं उसन्या हीटरभोवती गोळा होऊन तळमळत राहिलो. आईला मात्र त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोप लागली.

नवीन फर्नेस घेणं हे मुलगी बघायला जाण्यासारखं असतं. फरक इतकाच की इथे मुलीकडचेच आपल्याकडे येतात आणि मुलगी न दाखवता कोटेशनच दाखवतात. पहिला म्हणाला, होती तेवढीच लाखाची घाला. दुसरा म्हणाला, होती त्याहून मोठी घाला, थंडीचं काय सांगावं. तिसऱ्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढून इन्सुलेशन किती इंच आहे ते बघितलं आणि साठ हजारांची पुरेल म्हणाला. माझा कागदही तेच सांगत होता. म्हणून आम्ही तिसऱ्याला होकार दिला.

मग प्रश्न पायऱ्यांचा. सिंगल स्टेज म्हणजे आमचीच जुनी, फक्त कोवळी. टू स्टेज म्हणजे दोन आचा. बारीक आच मोठ्या आचेच्या पासष्ट-सत्तर टक्के. आणि मॉड्युलेटिंग म्हणजे साधारण चाळीसपासून शंभर टक्क्यांपर्यंत एकेका टक्क्याने वरखाली होणारी, अगदी आईच्या हाताखाली तयार झालेली. पण तिची किंमत ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता 'टू स्टेज' म्हणालो.

विकणारा बचतीबद्दल पुष्कळ बोलला. त्यातलं खरं असं. ऐंशी टक्क्यांवरून शहाण्णव टक्क्यांवर गेल्याने गॅस वाचतो, कारण आधी चिमणीवाटे जाणारी ऊब ही फर्नेस दुसऱ्या एक्स्चेंजरमध्ये अडवून धरते. धूर इतका निवतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि प्लॅस्टिकच्या नळीतून मोरीत जातं. ही बचत पायऱ्यांची नव्हे. तेवढ्याच टक्क्यांची सिंगल स्टेज घेतली तरी गॅसचं बिल जवळपास तेवढंच. पायऱ्यांसाठी मोजलेले जादा पैसे हे निव्वळ बरं वाटण्यासाठी असतात. असं कबूल केलं की विक्री होत नाही, आणि बरं वाटण्यासाठी खर्च केला असं इथल्या मराठी मंडळात सांगितलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मीही पुढे सगळ्यांना बचतच सांगत आलो.

वेगवेगळ्या आचांची ही कल्पना काही आजची नाही. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या बाईंनी २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवर चालणाऱ्या भट्टीचं पेटंट मिळवलं. त्यात बर्नर अनेक, प्रत्येकाचा ताबा स्वतंत्र आणि प्रत्येकाची गरम हवा घराच्या वेगळ्या भागाकडे नेणारी. लोक तेव्हा कोळसा आणि लाकडं जाळत होते. बायकांना मतदानाचा हक्क अजून देशभर मिळायचा होता. पूर्ण भट्टी एकदम पेटवायची गरज नाही, हे ज्या कोणाला तेव्हा सुचलं ती व्यक्ती बाई असावी, याचं मला आईच्या शेजारी बसून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

नवीन फर्नेस बसली. मी व्हेंटपाशी हात धरून उभा राहिलो आणि मला फार बरं वाटलं. इतके पैसे दिल्यावर माणसाला बरं वाटतंच.

आईने दोन दिवस खुर्ची टाकली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आवाज कमी आहे. पण अंगावर येणं तेच."

मी तिला वीस मिनिटं समजावलं. पस्तीस अंशांचा दिवस, सत्तावीस हजारांची गरज, बारीक आच सदतीस हजारांची, म्हणजे तासात वीसऐवजी त्रेचाळीस मिनिटं संथ चालणार, हवा ढवळलेली राहणार, छत आणि जमीन यांच्यातला दुरावा कमी होणार. तिने सगळं ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली. हा शब्द ती फक्त डॉक्टरांशी आणि माझ्याशी बोलताना वापरते.

मे महिन्यात ती परत गेली. पुढचे दोन हिवाळे मी संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाबरोबर टू स्टेजचं माहात्म्य वाटलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दोघांनी ती घेतलीसुद्धा.

२०१९च्या जानेवारीत वार्षिक साफसफाईला एक नवीन मुलगा आला. त्याने फर्नेसचं खालचं झाकण काढलं, बॅटरी धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग मला वाकून बघायला सांगितलं. आतल्या पट्टीवर थर्मोस्टॅटच्या तारा जोडायची टोकं होती. डब्ल्यू-वन म्हणजे पहिली आच, डब्ल्यू-टू म्हणजे दुसरी. दोन्ही टोकं बोटभर लांबीच्या एका लाल तारेने एकमेकांना बांधून टाकलेली. म्हणजे थर्मोस्टॅटने 'जरा ऊब दे' म्हटलं की दोन्ही आचा एकदम. शून्य किंवा पाच.

"हे मुद्दाम ठेवलंय का?" त्याने अदबीने विचारलं.

मुद्दामच होतं, पण माझ्याकडून नव्हे. बसवणाऱ्याने जुना एका पायरीचा थर्मोस्टॅट तसाच ठेवला होता. नवीन बसवायचा तर भिंतीतली जादा तार शोधणं आलं, त्यापेक्षा लाल तारेची गाठ दोन मिनिटांत होते. दोन आचांचे पैसे देऊन मी दोन वर्षं वडिलांचा भात खात होतो. सगळ्यात वाईट म्हणजे तो मला आवडत होता.

त्या मुलाने दोन पायऱ्यांचा थर्मोस्टॅट लावला, भिंतीत गुंडाळून पडलेली न वापरलेली तार बाहेर ओढून डब्ल्यू-टूला जोडली आणि लाल गाठ सोडून माझ्या तळहातावर ठेवली. संध्याकाळी फर्नेस बंद पडली असं वाटून मी तीनदा बेसमेंटमध्ये उतरलो. तिन्ही वेळा ती चालूच होती. झाकणातल्या इवल्याशा काचेतून निळ्या ज्योती दिसत होत्या, बुटक्या, एका ओळीत, न हलणाऱ्या. 'भप्प' नाही, 'टण्' नाही. व्हेंटमधून येणारी हवा अंगावर न येता नुसती असायची. चिरंजीवांनी चार दिवसांनी टोपी काढली आणि आपण ती काढली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायको म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर मला काहीच कळलं नसतं." माझ्या मते एवढ्या पैशांचं चीज याहून जास्त होत नसतं.

सगळंच सुधारलं म्हणाल तर नाही. टाचांच्या भेगा तशाच आहेत. बाहेरच्या गोठलेल्या हवेत ओलावाच नसतो आणि तीच हवा फटींतून आत येऊन तापते, तिला फर्नेस काय करणार. आणि रात्री थर्मोस्टॅट खूप खाली आणून सकाळी एकदम वर चढवायची माझी सवय सुटलेली नाही, त्यामुळे पहाटे सहाला ती अजून मोठ्या आचेवर धावते. तो दोष तिचा नाही.

त्याच महिन्यात, ३० जानेवारीला, ध्रुवाकडची थंडी खाली उतरलेली असताना रात्री साडेदहाच्या सुमारास घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. मॅकोम काउंटीतल्या नैसर्गिक वायूच्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली होती. शुक्रवारी दुपारपर्यंत थर्मोस्टॅट पासष्टवर किंवा खाली ठेवा, असं सरकार लोकांना विनवत होतं. सबंध राज्याला एकाच वेळी कोणीतरी 'गॅस बारीक कर' म्हणून हाक मारल्यासारखं झालं. आम्ही पासष्टवर आणला. बाहेर इतकं उणे होतं की पासष्टसाठीही फर्नेस रात्रभर मोठ्या आचेवर चालली. दुसरी पायरी असते कशासाठी, ते त्या रात्री समजलं.

गोधडीत शिरून मी आईला फोन लावला. साताऱ्यात गुरुवारची सकाळ झाली होती.

"घरात अठराच आहे आई," मी म्हणालो.

"उणे?"

"नाही, साधे अठरा."

"मग रडतोस कशाला? इथे पहाटे बारा होते. सडा घालून, रांगोळी काढून मी आत्ता चहाला बसलेय." मग थोडं थांबून, "आणि तो नवीन बंब?"

तेव्हा मी तिला लाल तारेची गोष्ट सांगितली. ती हसली नाही की रागावली नाही. "मी म्हटलं होतं तुला," एवढंच म्हणाली आणि चहा गार होतोय म्हणून फोन ठेवला.

ती लाल तार मी किल्ल्यांच्या जुडग्याला बांधून ठेवली आहे. माझं ऐकून टू स्टेज घेतलेल्या त्या दोघांकडे जाऊन मी झाकणं उघडून बघितली. एकाची जोडणी ठीक होती. दुसऱ्याकडेही अशीच गाठ निघाली.

तुमच्या तळघरात दोन पायऱ्यांची फर्नेस असेल, तर या थंडीआधी बसवणाऱ्याला बोलावून डब्ल्यू-टूला खरोखर वेगळी तार आलीय का ते बघायला लावा. स्वतः झाकण काढणार असाल तर आधी शेजारचा विजेचा खटका बंद करा.